उतारावरच्या गॅरेजमधून जड मोटरसायकल काढताना रोज होणारी झटापट: नेमकं काय चुकत होतं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये आपसूक उतरते. सकाळी तीच मागे ओढून रस्त्यावर काढताना दम निघतो. मध्ये थांबावं लागतं, थांबलं की ती पुढे ओढ घेते, आणि पंधरवड्यातून एकदा तरी "गेली आता" असं होतं. पावसाळ्यात तर एक दिवसाआड. मग घरातलं कुणीतरी दारात येऊन म्हणतं, "झेपत नव्हती तर एवढी जड घेतलीस कशाला?"

माझी गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटरसायकल. पेट्रोल-ऑइलसकट १९५ किलो. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५५. घर साताऱ्यात. सासरे सांगतात, घर बांधलं तेव्हा गॅरेज आणि रस्ता एका पातळीत होते. पुढे दर काही वर्षांनी जुन्या डांबरावरच नवं डांबर चढत गेलं. रस्ता वर आला, घर होतं तिथंच राहिलं. आता गॅरेजचा कोबा रस्त्यापासून १५ इंच खाली आहे आणि तेवढं अंतर चढवायला रॅम्प मिळालाय फक्त आठ फुटांचा.

जुलैत एकदा पडली. त्या पडण्यात सगळ्या चुका एकदम हजर होत्या, म्हणून ते नीट सांगते. सकाळी सातची वेळ, रात्रभर पाऊस. पायात घरातल्या रबरी चपला. गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहून, दोन्ही हात हँडलवर ठेवून मी ती मागे ओढत होते. रॅम्प निम्मा झाला आणि मागचं चाक फाटकाच्या खांबाकडे जायला लागलं, म्हणून हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं. त्याच क्षणी चप्पल सरकली, गाडी पुढे निघाली, आणि मी घाबरून पुढचा ब्रेक कचकन दाबला. पुढचं चाक शेवाळावरून निसटलं आणि गाडी माझ्यापासून लांब, उजवीकडे कलली. मी वेड्यासारखी हँडल धरून बसले. ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "अगं सोड ती! पाय काढ!" मी सोडलं नाही. गाडी पडलीच, वर माझा खांदा आठवडाभर दुखला. ब्रेकचा लिव्हर वाकला, आरसा गेला, क्रॅश गार्डने सायलेन्सर वाचवला.

त्यानंतर सल्ले आले. जिम लाव. गाडी विक, स्कूटर घे. रोज शेजारच्या काकांना हाक मार. सगळ्यांच्या मते माझी ताकद कमी पडत होती. मी कागद घेऊन हिशोब मांडला आणि निघालं ते वेगळंच.

आठ फुटांत १५ इंच म्हणजे साधारण सहा फुटांना एक फूट चढ. अशा चढावर १९५ किलोची गाडी नुसती रोखून धरायलाही सुमारे ३० किलोचा जोर लागतो. म्हणजे १५ लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या सतत तुम्हाला खाली ओढतायत असं समजा. एवढा जोर हात-कंबर लावतील एखादवेळ. पण तो जोर शेवटी जमिनीवर टेकतो तो पायांतून. ५५ किलोच्या माणसाच्या रबरी चपलेला ओल्या शेवाळलेल्या कोब्यावर ३० किलोची पकड मिळतच नाही. मी उद्या पैलवान झाले तरी पाय सरकणारच. त्यामुळे जिमचा विषय तिथेच संपला.

आधी गाडी तपासा, मग रॅम्पला नावं ठेवा

हे मी उशिरा केलं, तुम्ही आधी करा. सपाट फरशीवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हळूच ढकला. टायरमध्ये हवा नीट असेल आणि काही अडकत नसेल तर एवढी जड गाडीसुद्धा सपाटीला तीन-चार किलोच्या जोरावर चालायला लागते, अक्षरशः दोन बोटांनी. तशी चालत नसेल तर दोष गाडीत आहे.

माझ्या गाडीत पुढच्या डिस्कचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या होत्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहायचे. पुढचं चाक उचलून फिरवलं की खरखर ऐकू यायची आणि चाक एका फेरीत थांबायचं. मेकॅनिकने पिना साफ करून ग्रीस लावलं, अर्ध्या तासाचं काम. मागे चेन जास्त ताणलेली किंवा गंजलेली असली तरी हाच त्रास होतो. आणि हवा. गाडी आठवडाभर उभी असेल तर हवा बघितल्याशिवाय तिला ढकलायलाही जाऊ नका, मऊ टायर चढावर जीव काढतो.

पेट्रोलचंही जाता जाता. १३ लिटरची टाकी भरली की नऊ-साडेनऊ किलो वाढतात, आणि तेही वरच्या बाजूला. ढकलताना फारसा फरक पडत नाही, कलल्यावर पडतो.

गाडीचं तोंड

खरी गोम इथे होती. संध्याकाळी मी तोंड आत करून गाडी उतरवायचे, कारण ते सोपं. म्हणजे उतरताना, जेव्हा कसल्याच जोराची गरज नसते, तेव्हा इंजिन माझ्या बाजूला. आणि सकाळी चढवताना, जेव्हा ३० किलो ओढायचे असतात, तेव्हा फक्त माझे पाय. २० हॉर्सपॉवरचं इंजिन गप्प उभं आणि बाई ओढतेय.

आता संध्याकाळी गाडी फाटकाच्या जरा पुढे नेऊन रस्त्यावरच वळवते, शेपूट गॅरेजकडे करते, इंजिन बंद करते आणि तिला उलटी, मागच्या चाकाने, खाली उतरवते. उतार स्वतःच तिला आत नेतो. सकाळी बसायचं, चालू करायची, पहिल्या गिअरमध्ये सरळ वर. आमचा रस्ता कॉलनीतला आहे, संध्याकाळी गर्दी नसते, त्यामुळे वळवायला मिनिटभर मिळतं. ज्यांचं घर रहदारीच्या रस्त्यावर आहे त्यांनी हे रस्त्यात करू नका, त्यांना गॅरेजच्या आतच गाडी फिरवायला जागा काढावी लागेल.

एवढं वाचून लगेच करायला जाऊ नका. पहिल्या दिवशी मी पुन्हा पडता पडता वाचले.

झालं असं की उलटी उतरवताना मी सवयीने पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवली. पण आता पुढचं चाक चढाच्या बाजूला आहे. भार सगळा खाली, मागच्या चाकावर. हलकं झालेलं पुढचं चाक ब्रेक लावल्यावर थांबलं खरं, पण थांबलेल्या अवस्थेतच फूटभर घसरत खाली आलं, रॅम्पवर काळी रेघ ओढत. मागचा ब्रेक पायात असतो, आणि मी तर बाजूला उभी. बसून उतरवलं तर मागचा ब्रेक दाबायला उजवा पाय उचलावा लागतो, मग १९५ किलो एकट्या डाव्या पायावर. माझ्या उंचीला ते शक्यच नाही.

उत्तर डाव्या हातात होतं. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला. असं असताना चाक मोकळं फिरतं. क्लच हळूहळू सोडायला लागलं की बंद इंजिन मागच्या चाकाला आवळतं. पूर्ण सोडला की चाक जागच्या जागी थांबतं. म्हणजे क्लच हाच मागचा ब्रेक झाला, आणि तो नेमका अशा चाकावर लागतो ज्यावर भार आहे. डाव्या बाजूने चालताना डावा हात डाव्या मुठीवर क्लचसाठी, उजवा हात मागच्या सीटच्या दांड्याला. पुढच्या ब्रेकपर्यंत वाकून पोचायची गरजच उरली नाही. आणि यातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी की घाबरलात, हात सुटला, तर गाडी थांबते. जुन्या पद्धतीत हात सुटला तर गाडी पळायची.

सराव सपाटीवर करा. क्लच दाबा, दोन पावलं ढकला, सोडा, थांबली का बघा. असं वीसेक वेळा. क्लच एकदम सोडला तर चाक झटक्यात अडकतं आणि गाडी डुलते, म्हणून बोटं सैल करत सोडायची, पीठ चाळताना हात सैल असतो तसा. उंच माणसांना हेच बसून करता येईल, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.

ज्यांचं उलटं आहे, म्हणजे पोर्च उंच आणि रस्ता खाली, त्यांनी तोंड आत करून इंजिनवर चढवावी आणि सकाळी याच क्लचच्या युक्तीने मागे उतरवावी. फक्त तेव्हा शेपूट रस्त्यात आधी जातं आणि तुम्हाला रस्ता दिसत नाही. फाटकाशी थांबून, मागे वळून बघून मगच पुढचं पाऊल.

हँडल आणि ब्रेक एकावेळी नाही

तोंड फिरवल्यावरही ही सवय मोडायला मला महिना लागला. सावकाश गतीत हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, की गाडी हँडल ज्या बाजूला वळलंय त्या बाजूला पडते. वेगात हे जाणवत नाही. गॅरेजमध्ये, चालण्याच्या गतीत, रस्त्यावर वळवताना हमखास होतं. म्हणून क्रम असा: आधी हँडल सरळ, मग ब्रेक. सरळ करायला वेळ नसेल तर क्लच सोडा, पण इंजिन बंद आणि गिअर पडलेला असेल तरच.

चालताना गाडी अगदी काटकोनात उभी धरू नका. किंचित आपल्याकडे कललेली, सीट कमरेला टेकलेली. आपल्याकडे कललेली गाडी कंबर सांभाळते, पलीकडे कललेली फक्त दोन हात सांभाळतात.

आणि ते हात किती सांभाळतात याचाही हिशोब मी केला. गाडीचा भार जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर आणि हँडल एक मीटरवर धरलं, तर १० अंश कललेली गाडी धरून ठेवायला साधारण १७ किलोचा जोर लागतो. २० अंशांना ३३. ३० अंशांना जवळपास ५०. म्हणजे सुरुवातीच्या एका क्षणात ती सावरता येते, तो क्षण गेला की नाही. सासूबाईंना यातला एकही आकडा माहीत नव्हता आणि त्या बरोबर होत्या.

तेव्हा २० अंशांच्या पुढे गेली की सोडा. पाय खालून काढा, एक पाऊल मागे या. मग किल-स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) किंवा चावी बंद. पेट्रोल ठिबकतंय का बघा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवा आणि गिअरमध्ये टाका, नाहीतर उचलल्यावर ती दुसऱ्या बाजूला जाते. उचलताना तोंड गाडीकडे नाही, पाठ गाडीकडे. सीटच्या कडेला पाठ टेकवून खाली बसायचं, एक हात हँडलच्या खालच्या मुठीला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि पायांनी मागे मागे चालत उठायचं. सायलेन्सर उजवीकडे आहे आणि गरम असू शकतो, साडी किंवा ओढणी असेल तर आधी खोचा. पडून उचललेली गाडी लगेच चालू झाली नाही तर हबकू नका. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कलल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी बंद करून पुन्हा चालू करा.

रॅम्प आणि मिस्त्री

शेवाळ हे वेगळं प्रकरण. ब्लिचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं. त्यावर संडास साफ करायचं ॲसिड ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरिन वायू सुटतो.

मग मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, चेकर्ड प्लेट टाकून देतो, एकदम कडक." ती उंचवट्यांची लोखंडी प्लेट मी आधी एकांकडे बघितली होती. कोरडी असताना उत्तम, पावसात वरचे उंचवटे झिजले की साबणाची वडी. आम्ही वेगळं केलं. रस्त्याच्या बाजूला रॅम्प वाढवता येत नाही, ती जागा आपली नाही. म्हणून गॅरेजच्या आतल्या कोब्यावरच पुढे चार फूट भर टाकून आठ फुटांचे बारा केले. तेवढ्याने ३० किलोचा जोर २० वर आला. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढून घेतल्या. मिस्त्री गुळगुळीत करायला थापी घेऊन आलेच होते, हात धरून थांबवलं.

काहीजण पायरीवर लाकडी फळी टाकतात. फळी चाकाला पुरते, तुमच्या पायांना पुरत नाही. चाक फळीवर आणि तुम्ही बाजूच्या खड्ड्यात, अशा वेळी गाडी तुमच्या खांद्याएवढी उंच होते. फळी टाकायचीच तर दोन टाका, एक चाकाला आणि एक तुम्हाला, आणि दोन्ही सरकणार नाहीत अशा अडकवा.

उभी करण्याबद्दल. गॅरेजला पाणी जायला गवंडी ढाळ देतात, तो डोळ्याला दिसत नाही पण गाडीला कळतो. ढाळ डावीकडे असेल तर गाडी साइड स्टँडवर जास्त झोपते. स्टँडखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की भागतं. ढाळ उजवीकडे असेल तर गाडी ताठ उभी राहते, छान दिसते, आणि मांजराने उडी मारली तरी उजवीकडे जाते. इथे फरशीचा तुकडा उपयोगाचा नाही, त्याने ती आणखी ताठ होईल. जागा बदला. माझी जागा बदलावी लागली. योग्य जागा सापडल्यावर पुढच्या चाकापाशी आधी गेरूने रेघ मारली, महिनाभर पटली तेव्हा पिवळा ऑइल पेंट. आता रोज अंदाज करावा लागत नाही. पेव्हर ब्लॉक असतील तर खालची वाळू पावसात धुपते आणि स्टँड रात्रीत बुडतो, तिथेही फरशीचा तुकडा हवाच.

गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये ठेवते. साइड स्टँड पुढच्या दिशेला उघडतो, गाडी थोडी पुढे सरकली की तो मिटतो आणि संपलं. फक्त सकाळी लक्षात ठेवा, स्टँड खाली आणि गिअर पडलेला असेल तर नव्या गाड्या चालूच होत नाहीत. मी एकदा बॅटरी गेली म्हणून मेकॅनिकला घरी बोलावलं होतं. त्यांनी आल्यावर एक शब्द न बोलता पायाने स्टँड वर केला.

इंजिन चालू करायच्या आधी गॅरेजचं दार पूर्ण उघडं. थंडीत गाडी आत गरम करत ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चालू केली की लगेच वर. आणि रॅम्पवर मध्ये थांबायचं नाही, वरच्या सपाटीवर थांबायचं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीमुळे रस्ता दिसत नाही, म्हणून समोरच्या खांबाला घाटात असतो तसला छोटा बहिर्गोल आरसा लावलाय. शाळेची मुलं नेमकी त्याच वेळी जातात.

मदत करणारे

हे लिहायला जरा संकोच वाटतो, कारण माणसं चांगली आहेत. पण मला दुसऱ्यांदा जवळजवळ पाडलं ते मदतीनेच. काका लांबून आले, "थांबा वहिनी, मी देतो धक्का," म्हणाले आणि मी क्लच सोडत असतानाच मागून जोर लावला. मी थांबवतेय, ते ढकलतायत. चाक अडकलं, गाडी डुलली, कशीबशी सावरली.

आता ठरलंय. मदत करणाऱ्याने हँडलला हात लावायचा नाही. फक्त मागच्या दांड्याला धरायचं, आणि मी "हं" म्हटल्यावरच जोर लावायचा. "थांबा" म्हटलं की हात सोडायचा नाही, तसाच धरून उभं राहायचं. काकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले. परवा त्यांच्या मुलाने मोठी गाडी घेतली, २४१ किलोची. त्यांचं पार्किंगही रस्त्यापेक्षा खालीच आहे. रविवारी सकाळी काका स्वतः दारात आले, "वहिनी, ते क्लचचं जरा त्याला दाखवता का?"

बूट घालून या म्हटलं. चपलेत आला होता.